बुंधा वर, शेंडा खाली

"या घराचे खांब सगळे उलटे लावलेत," खालून आवाज आला. "त्या इंग्रज सुतारांना झाडाचं वर-खाली कळत नसणार."

दोन-तीन जण हसले. मी त्यांच्या डोक्यावर, परांचीच्या फळीवर आडवी होऊन एका तुळईची मापं घेत होते. हातात टेप, तोंडात पेन्सिल. खाली दहाचा चहा चालू होता. इथले जपानी सुतार काहीही झालं तरी दहाला आणि तीनला थांबतात, थर्मास उघडतात, आणि एरवी न बोललेलं तेव्हा बोलून टाकतात. बोलणारे होते मुख्य सुतार. त्यांना सगळे तोर्यो म्हणतात. आपल्याकडच्या मिस्त्रीसारखे, पण त्यांच्या समोर आमचे प्रोफेसरसुद्धा जरा वाकून उभे राहतात.

मला उत्तर माहीत होतं. खांब चुकून उलटे लागलेले नव्हते, मुद्दाम तसे लावलेले होते, आणि का ते मला नीट सांगता आलं असतं. मी पेन्सिल तोंडातून काढली. मनात जपानी वाक्य जुळवायला घेतलं. तोर्योंशी बोलताना कुठलं क्रियापद पुरेसं आदराचं होईल, इथपर्यंत पोचले तोवर खाली विषय बदलून कोणाच्या डब्यात काय आहे यावर गेला होता. मी पेन्सिल परत तोंडात धरली.

माझं हे नेहमीचं आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, लॅबमध्ये जपानी. आणि तिन्ही ठिकाणी माझं वाक्य तयार होतं तेव्हा ऐकणारे उठून गेलेले असतात.

ते घर खरंच इंग्रजांचं होतं. इंग्लंडमधल्या कुठल्यातरी शेतावर काही शतकं उभं असलेलं ओकच्या लाकडाचं शेतघर. जपानात पैसा उतू जात होता त्या काळात एका हॉटेलमालकाने ते सांगाडा सुटा करून, कंटेनरमध्ये भरून इकडे आणलं आणि त्सुकुबाच्या डोंगराखालच्या आपल्या बागेत परत उभं केलं. तिथे लग्नं व्हायची, नंतर चहा आणि स्कोन मिळायचे. मग हॉटेल बंद पडलं, बागेत गवत माजलं, आणि शेवटी गावच्या नगरपालिकेने ते घर ताब्यात घेऊन दुरुस्तीसाठी आमच्या लॅबला बोलावलं. मी जुन्या लाकडी इमारतींवर पीएचडी करते. मला तिथे नेलं याचं कारण मात्र मी इंग्रजी वाचू शकते हे होतं. या प्रकारच्या घरांवरची सगळी पुस्तकं सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्रोफेसरांनी, माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, "तुमच्यासाठी सोपं आहे ना."

सोपं होतं. आवडतंही होतं. एखादं घर असं आवडू शकतं हे मला माहीत नव्हतं.

त्यात सरळ असं काहीच नाही. ओक ओलं असतानाच तासून जोडलेलं, नंतर वाळताना हवं तसं पिळलं गेलेलं. जमिनीवर लाकडाची जाड चौकट, तिच्यावर खांब, खांबांवर तुळया, आणि कोपऱ्याकोपऱ्यात वाकड्या फांद्यांचे तिरके आधार. लोखंडाचा खिळा कुठे नाही. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत आणि आरपार लाकडी खुंटी. मधल्या चौकटींमध्ये काठ्या विणून त्यावर माती, शेण, पेंढा. मी हे आईला व्हिडिओ कॉलवर मोठ्या कौतुकाने दाखवत होते आणि त्याला काय म्हणायचं ते इंग्रजीत समजावत होते, तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे कूडच की! एवढं काय त्यात." मला इंग्रजी शब्द येत होता, मराठी माहीत नव्हता. मी विषय बदलला.

छताचे वासे काळे कुळकुळीत. मूळ घरात धुराडं नव्हतं, मधोमध चूल पेटायची आणि धूर वर जाऊन छपरातून वाट काढायचा. तोर्यो पहिल्या दिवशी ते वासे बघून खूश झाले होते. जपानी शेतघरांतही असंच व्हायचं. त्यांनी एका वाशावर तळवा ठेवला, बोटाला आलेली काजळी सेन्सेईंना दाखवली आणि म्हणाले, "हे घर जेवलेलं आहे." त्या दिवशी मला ते फार आवडले होते.

आणि आता खांब. साध्या खांबाची जाडी वरपासून खालपर्यंत सारखी असते. या घराचे खांब वर जाता जाता आतल्या बाजूला फुगतात. बंदूक उभी धरावी, नळी खाली आणि दस्ता वर, तसे दिसतात. झाडाचा बुंधा, मुळाजवळचा जाड भाग, इंग्रज सुतार मुद्दाम वर घ्यायचे. कारण सगळी अडचण वर असते. खांबाच्या डोक्यावर आधी भिंतीच्या लांबीने जाणारी तुळई बसते, आणि तिच्यावर घराच्या रुंदीने जाणारी दुसरी. खांबाने दोघींना धरायचं असतं. डोकं बारीक असेल तर दोन जिभा कोरायला जागाच उरत नाही. जाड असेल तर एक जीभ भिंतीवरच्या तुळईत, दुसरी तिच्या मागून उंच जाऊन रुंदीच्या आडव्या तुळईत. तीन लाकडं एकमेकांत अशी अडकतात की छपराने भिंतींना बाहेर ढकलायचं म्हटलं तरी ढकलता येत नाही. हे एवढं समजायला मला आठवडे लागले होते आणि समजलं तेव्हा मी एकटीच लॅबमध्ये हसले होते.

घराच्या मागच्या कोपऱ्यातला खांब गेला होता. छप्पर गळून त्याचं डोकं कुजलं होतं, आणि हॉटेलवाल्यांनी काँक्रीटवर उभा केल्यामुळे पायही. नवा बसवणं भाग होतं. त्यासाठी उत्तरेकडच्या होक्काइदोहून ओकचा ओंडका आला. लाकूडवाले एरवी बुंध्याचा फुगीर भाग कापूनच पाठवतात, कारण तो कोणाला नको असतो. या वेळी कोणाच्यातरी आळसामुळे तो तसाच राहिला होता. ट्रकवरून उतरवताना मी तो पाहिला. नेमका तसाच फुगवटा. असा दुसरा शोधायचा म्हटलं तर कदाचित मिळालाच नसता.

तोर्यो म्हणाले, "हा शेपटासारखा भाग आधी उडवू. त्याची स्टुलं होतील."

जपानी सुतार खांब कधीच उलटा लावत नाहीत. झाड जसं उभं होतं तसंच घरात उभं राहिलं पाहिजे, मूळ खाली, शेंडा वर. उलट्या खांबाचं घर कण्हतं, माणसांना तिथे झोप लागत नाही, घरावर संकट येतं. हे तोर्योंनीच मला एकदा चहाच्या वेळी सांगितलं होतं, स्टुलाकडे बोट दाखवून मला बसवून, लहान मुलीला सांगावं तसं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी देवळं दुरुस्त केली होती, आणि एकही खांब उलटा लावला नव्हता. इंग्रजांनी जे लावले ते लावले, ते जुने, त्यांना तोर्यो हात लावणार नव्हते. पण आपल्या हाताने नवा खांब ते डोक्यावर उभा करणार नव्हते. बुंधा कापायचा, सरळ खांब करायचा, मूळ खाली ठेवून उभा करायचा, आणि वरती जिभांच्या ऐवजी लोखंडाची पट्टी बसवून बोल्ट मारायचे. पट्टी दिसू नये म्हणून जुन्या आडव्या तुळईच्या पोटात खोबण कोरायची.

ती तुळई धडधाकट होती. एवढ्या वर्षांत, एवढ्या समुद्रातून येऊन, त्या कोपऱ्यात तीच एक काही न होता राहिली होती. तिच्या पोटात लोखंड घातलं असतं तर इथल्या उन्हाळ्याच्या दमटपणात लोखंडाला पाणी सुटलं असतं आणि तीही आतून गेली असती. चांगलं लाकूड आपण स्वतः आजारी पाडणार होतो.

मी हे पहिल्यांदा बोलले ते दादांशी. दादा मूळचे पुण्याचे, आमच्याच लॅबमध्ये पोस्टडॉक. लाकूड कसं वाळतं यावर त्यांचं काम. जपानात इतकी वर्षं झाली आहेत की फोनवर बोलतानाही ते समोर कोणी असल्यासारखे वाकतात. साइटवर आम्ही त्यांच्याच गाडीतून जायचो.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "हंड्रेड पर्सेंट. पण अगं, इथे असं डायरेक्ट नाही बोलत. तोर्योंना तोंडावर तुमचं चुकतंय म्हटलं तर ते अवजारं उचलून घरी जातील."

"चुकतंय असं नाही म्हणायचं. त्यांच्या घरांसाठी त्यांचं बरोबरच आहे. या घरासाठी नाही, एवढंच."

"तेच मी जरा गोडीगुलाबीने सांगतो ना. तू टेन्शन नको घेऊस. मीटिंगमध्ये मी बोलतो."

"मी बोलले तर?"

"तू?" ते हसले. वाईट हेतूने नाही. "तू काल कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात पिशवी नको हे सांगायला घाबरलीस. चार पिशव्या घेऊन आलीस."

ते खरं होतं म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसले म्हणून त्यांना वाटलं की ठरलं.

मीटिंगमध्ये ते बोलले. सुंदर जपानी बोलतात ते. पण माझं म्हणणं त्यांच्या तोंडून निघालं ते असं: हिला असं वाटतं की, कदाचित, मूळ पद्धतीचाही थोडासा विचार करता आला, तर तेही मनोरंजक होईल, पण अर्थातच तोर्योंचा अनुभव मोठा आहे. सगळे माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. सेन्सेई म्हणाले, "चांगला मुद्दा. विचार करू." इथे 'विचार करू' याचा अर्थ काय हे मला एवढ्या काळात कळलं होतं. तोर्योंनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि पुढचा विषय निघाला, परांचीचं भाडं.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "बघ, बोललो की नाही?"

"दादा, तुम्ही 'कापू नका' म्हणालातच नाही."

"अगं, त्याचा अर्थ तोच झाला."

"नाही झाला."

"तुला अजून इथली हवा कळायची आहे," असं म्हणून त्यांनी गाडीचं दार उघडलं.

मग मी चित्र काढलं. त्या कोपऱ्याचं, तिन्ही लाकडं एकमेकांपासून सुटी करून, हवेत तरंगणारी, कुठली जीभ कुठे जाते ते दाखवणारं. ते साइटवरच्या फळ्यावर लावलं. सेन्सेई म्हणाले, तुमच्या रेषा फार स्वच्छ असतात. नगरपालिकेच्या बाईंनी विचारलं, याचं पोस्टकार्ड करता येईल का?

मग मी मॉडेल केलं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं, हाताएवढं, सुटं करून परत जोडता येणारं. त्यात सरळ खांब घालून दाखवला असता तर वर जागा उरत नाही हे कोणालाही बोटांनी कळलं असतं. मी ते चहाच्या वेळी टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिले. सगळ्यांनी ते हातात घेतलं. तोर्योंनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं, जीभ खाचेत घातली, काढली, परत घातली. "फिट बसतंय," ते म्हणाले. "हात चांगला आहे." मला वाटलं आता विचारतील. त्यांनी मॉडेल जपून खाली ठेवलं आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. कोणीतरी फोटो काढला. कोणीतरी 'किती गोड' म्हणालं.

त्या संध्याकाळी सायकलवरून परत येताना मी मोठ्याने भांडत होते. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, फुटपाथवर कोणी नाही. एकटीने भांडायला त्सुकुबा फार सोयीचं आहे. मी दादांशी भांडले, सेन्सेईंशी भांडले, तोर्योंशी तर अस्खलित भांडले. प्रत्येक वाक्य जागच्या जागी पडत होतं. खोलीवर पोचले तर उद्या जळाऊ कचऱ्याचा दिवस आहे की प्लास्टिकचा हे शेजारच्या काकूंना विचारायचं होतं, आणि त्यांचा दिवा चालू असूनही मी दार वाजवलं नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, तर सगळे चांगले वागत होते याचा. कोणी मला तोडून बोललं असतं, 'तुला काय कळतं' म्हटलं असतं, तर निदान भांडता आलं असतं. इथे मला बिस्किटं मिळत होती.

ओंडका कापायचा दिवस आला. आकाश स्वच्छ होतं. अंगणात दोन ठोकळ्यांवर ओंडका आडवा ठेवलेला, त्याचा फुगीर बुंधा माझ्या बाजूला. साल काढल्यामुळे तो ओला, फिकट, जवळजवळ गुलाबी दिसत होता. तोर्योंनी शाईत बुडवलेला दोरा त्याच्यावर आडवा ताणला, चिमटीत उचलला आणि सोडला. टक् असा आवाज झाला आणि फुगवटा जिथे सुरू होतो नेमक्या तिथे काळी रेघ उमटली. हात अजिबात न हलता ओढलेली. मनात आलं, एवढी चांगली रेघ, आणि चुकीच्या जागी.

सेन्सेई गाडीजवळ फोनवर होते. दादा माझ्या शेजारी, हात मागे बांधून. तोर्योंनी करवतीची साखळी तपासली, कानाला संरक्षण लावलं, पाय रोवले. मशीन सुरू झाली.

मी म्हणाले, "चोत्तो..."

हा इथला शब्द. 'जरा' असा त्याचा अर्थ. पुढचं वाक्य न बोलताच समोरच्याने समजून घ्यायचं असतं. पण मशीनच्या आवाजात तो मलाही ऐकू आला नाही. मी पुढे झाले. हात वर केला. शाळेत उत्तर येत असूनही कधी केला नव्हता तसा, कोपर सरळ करून.

तोर्योंनी मशीन बंद केली. एकदम शांत झालं. गवतात किडे ओरडत होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यातली जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं, सायकलवरची, एकामागोमाग एक निघून गेली.

दादांनी माझ्याकडे पाहिलं, तोर्योंकडे पाहिलं, आणि मला वाचवलं. हसून, मान झुकवून, त्यांच्या त्या सुंदर जपानीत ते म्हणाले, "माफ करा हं. कापण्याआधी हिला रेकॉर्डसाठी एक फोटो घ्यायचा आहे."

"हां, हां! फोटो!" सगळ्यांचे चेहरे सैल झाले. तोर्योंनी कानावरचं संरक्षण काढून गळ्यात अडकवलं, टोपी सरळ केली. मग त्यांनी डावा हात बुंध्यावर ठेवला, उजव्या हातात करवत उभी धरली, आणि माझ्याकडे बघून छान हसले. त्यांचे दोन सुतार धावत येऊन मागे उभे राहिले. एकाने दोन बोटं वर केली. गाडीजवळून सेन्सेईही फोन बंद करून लगबगीने येऊ लागले, आपणही फोटोत यावं म्हणून.

"काढ ना पटकन," दादा मराठीत पुटपुटले. "अगं, मोबाइल काढ. सगळे थांबलेत."

माझा हात खिशात गेलासुद्धा. बोटांना फोन लागला. एक फोटो काढला असता की झालं असतं. सगळे खूश, तोर्योंनी मशीन सुरू केली असती, बुंध्याची स्टुलं झाली असती, त्यातलं एक मला भेट मिळालं असतं.

बुंध्यावर टेकलेल्या त्यांच्या हाताकडे मी बघत होते. रेघेच्या अलीकडे अंगठा, पलीकडे बोटं.

"काढतेस ना?" दादा.

मी हात रिकामाच बाहेर काढला. आवाज फाटका आला, आणि जपानी आलं ते अगदी साधं, आदराची एकही शेपटी नसलेलं, लहान मुलं बोलतात तसं. पण मोठ्याने आलं. सेन्सेई चालता चालता थांबले इतक्या मोठ्याने.

"फोटो नकोय. मी फोटो म्हटलंच नाही. कापू नका. या घराचा खांब उलटाच असतो, आणि हाही उलटाच उभा करायचा."